विश्लेषण : ‘ओसिराक’वर बॉम्ब टाकणारा आठवा वैमानिक, कल्पना चावलांचा सहप्रवासी, कोण होते इलान रामोन?

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजले होते. ‘कोलंबिया’ हे अंतराळयान पावणेआठच्या सुमारास अमेरिकेत फ्लोरिडातल्या धावपट्टीवर उतरणार होते. यानात कर्नालच्या कल्पना चावला होत्या, त्यामुळे भारताचे लक्ष तिकडे होते. यान उतरलेच नाही. टेक्सासच्या आकाशात त्याचे तुकडे झाले आणि आतले सातही जण गेले.

त्या सातांपैकी एक नाव आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. दुसरे एक नाव इलान रामोन. इस्रायलचे पहिले अंतराळवीर. यानात दोन पाळ्यांमध्ये काम चालायचे आणि रामोन व कल्पना चावला एकाच पाळीत होते. पण रामोन यांची आणखी एक ओळख होती, जी इस्रायलने बरीच वर्षे झाकून ठेवली. ७ जून १९८१ रोजी इराकची ‘ओसिराक’ अणुभट्टी उद्ध्वस्त करणाऱ्या आठ वैमानिकांमध्ये ते सर्वात लहान होते.

जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले, तेव्हा ‘ओसिराक’ हा शब्द पुन्हा मोबाइलवर फिरू लागला. हल्ल्याचे व्हिडीओ पुष्कळ आहेत. त्या रांगेत सर्वात शेवटी उडणाऱ्या माणसाबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही.

ऑश्विट्झमधून वाचलेल्या आईचा मुलगा

रामोन यांचा जन्म २० जून १९५४ चा, तेल अवीवला लागून असलेल्या रामत गन शहरातला. मूळ आडनाव वोल्फरमन. वडील नाझी राजवटीतून वेळेत निसटून जर्मनीबाहेर पडले होते. आई आणि आजी ऑश्विट्झच्या छळछावणीतून जिवंत परतल्या होत्या. हवाई दलात गेल्यावर त्यांनी जर्मन वळणाचे आडनाव सोडून ‘रामोन’ हे हिब्रू आडनाव घेतले. ‘इलान’ म्हणजे हिब्रूत झाड.

ते वाढले बीरशेबा या वाळवंटी शहरात. इथे आपला एक धागा जुळतो. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांपैकी बरीच कुटुंबे याच भागात, बीरशेबा आणि शेजारच्या दिमोना गावात वसली. दिमोनाला तर तिथे ‘छोटा भारत’ म्हणतात. आणि दिमोनाची जगाला असलेली ओळख वेगळीच आहे. इस्रायलची स्वतःची, कधीही उघडपणे मान्य न केलेल्या अण्वस्त्र कार्यक्रमाशी जोडली गेलेली अणुभट्टी तिथेच आहे. शेजाऱ्याची भट्टी फोडायला निघालेल्या देशाकडे आपली भट्टी होती, हे ओसिराकची गोष्ट वाचताना विसरता येत नाही.

रामोन १९७४ मध्ये लढाऊ वैमानिक झाले. आधी ए-४ स्कायहॉक, मग मिराज. १९८० मध्ये इस्रायलला एफ-१६ विमाने मिळू लागली, तेव्हा ती शिकायला अमेरिकेतल्या युटा राज्यात गेलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. त्या विमानांची कहाणीही गमतीची आहे. ती खरे तर इराणच्या शहासाठी बनत होती. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, सौदा मोडला आणि विमाने ठरल्यापेक्षा लवकर इस्रायलच्या हाती आली. इराणसाठी बनलेल्या विमानांनी इस्रायलने इराकवर हल्ला केला, आणि त्याच इराणने त्याआधी, ३० सप्टेंबर १९८० रोजी, हीच इराकी भट्टी फँटम विमानांनी फोडायचा प्रयत्न केला होता. तो फारसा साधला नव्हता.

ओसिराक म्हणजे नेमके काय?

इराकने १९७० च्या दशकात फ्रान्सकडून ही संशोधन भट्टी विकत घेतली. फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ जातीची आणि इराकमधली, म्हणून फ्रेंचांनी जोडून नाव दिले ‘ओसिराक’. इराकी तिला ‘तम्मूझ-१’ म्हणत. जागा बगदादच्या आग्नेयेला, जेमतेम १७-१८ किलोमीटरवर, अल तुवैथा येथे.

कागदोपत्री ती संशोधनासाठी होती. इराकने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली होती आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तिथे जात. इस्रायलची भीती दोन गोष्टींची होती. भट्टीचे इंधन बॉम्बला चालेल इतक्या शुद्धतेचे युरेनियम होते. शिवाय साधे युरेनियम भट्टीभोवती ठेवून न्यूट्रॉनचा मारा केला, तर त्यातून प्लुटोनियम काढता येते. सद्दाम हुसेन यांचा हेतू काय होता यावर फारशी शंका कुणाला नव्हती. या विशिष्ट भट्टीतून बॉम्ब किती लवकर निघाला असता, यावर मात्र तज्ज्ञांचे आजही एकमत नाही.

पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांना थांबायचे नव्हते. भट्टीत इंधन भरून ती सुरू झाली की बॉम्ब टाकणे म्हणजे बगदादवर किरणोत्सार पसरवणे. म्हणजे टाकायचा तर आधीच. शिवाय इस्रायलमध्ये ३० जूनला निवडणूक होती आणि बेगिन हरले तर पुढचा पंतप्रधान हा हल्ला करेल याची त्यांना खात्री नव्हती. निवडणुकीसाठी हल्ला केला, हा आरोप त्यांच्यावर तेव्हाही झाला.

इंधनाचे गणित

मोहिमेचा खरा प्रश्न बॉम्बचा नव्हता, पेट्रोलच्या टाकीचा होता.

सिनाईतल्या एत्झिओन तळापासून बगदाद सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. रडार चुकवायचे तर रस्ता वाकडा आणि उंची अगदी कमी, जमिनीपासून सुमारे ३० मीटर. म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. इतक्या खालून उडताना हवा दाट असते आणि इंजिन इंधन अक्षरशः पिते. हवेत इंधन भरायची सोय एफ-१६ साठी तेव्हा इस्रायलकडे नव्हती. आणि प्रत्येक विमानाला २,००० पौंडांचे, म्हणजे सुमारे ९०० किलोचे, दोन बॉम्ब न्यायचे होते.

या गणितात रामोन यांचा हात होता. मार्ग आखणे आणि इंधनाचा हिशेब मांडणे या कामात हा २६ वर्षांचा सर्वात कनिष्ठ वैमानिक होता. उत्तर असे निघाले की जाऊन परत येता येईल, पण जेमतेम. वाटेत हवाई लढाई झाली, थोडा वेळ वाया गेला, तर परतीची खात्री नाही.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ शिकवतात. दोरीला १०० किलो उचलायचे असेल तर ती ३००-४०० किलोची घ्या. इथे तसे काही शिल्लकच नव्हते. म्हणून जिथून मिळेल तिथून इंधन वाचवले गेले. प्रत्येक विमानाला तीन जादा टाक्या लावल्या. धावपट्टीवर इंजिन सुरू असतानाच टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या. पंखाखालच्या टाक्या रिकाम्या झाल्यावर वाटेतच, वाळवंटात, सोडून द्यायच्या ठरल्या. शेजारी बॉम्ब लटकलेले असताना टाकी सोडणे धोक्याचे, कारण सुटलेली टाकी फिरून पंखावर किंवा बॉम्बवर आदळू शकते. पण रिकामी टाकी वाहून नेणे परवडणारे नव्हते.

आठवा क्रमांक का धोक्याचा?

रविवार, ७ जून. दुपारी चारच्या सुमारास आठ एफ-१६ आणि त्यांच्या संरक्षणाला सहा एफ-१५ उडाली. अकाबाच्या आखातावरून जाताना ती विमाने जॉर्डनचे राजे हुसेन यांनी आपल्या नौकेवरून पाहिली आणि इराकला सावध करायचा प्रयत्न केला, असे सांगितले जाते. निरोप वेळेत पोहोचला नाही.

नेते होते झीव राझ. बाकीच्यांमध्ये अमोस याद्लिन होते, जे पुढे इस्रायलच्या लष्करी गुप्तचर विभागाचे प्रमुख झाले. रांगेत आठवे रामोन.

हल्ल्याची रीत अशी होती : भट्टीजवळ येताच एकदम वर चढायचे, घुमटावर सूर मारायचा, बॉम्ब सोडायचे आणि पळायचे. बॉम्ब साधे होते, स्वतः निशाणा शोधणारे नव्हते. एकामागून एक विमान काही सेकंदांच्या अंतराने. पहिले विमान येते तेव्हा खालचे तोफखान्यातले सैनिक बेसावध असतात. दुसऱ्याला ते वर बघतात. आठवे येईपर्यंत सगळे जागे झालेले असतात, तोफा कुठे रोखायच्या ते कळलेले असते आणि खाली धुरामुळे लक्ष्य नीट दिसत नसते. ज्याने हिशेब मांडला होता, त्यालाच तो सर्वात महाग पडण्याची शक्यता होती. इतर सहकारी संसारी होते आणि आपण अविवाहित आहोत म्हणून ही जागा रामोन यांनी स्वतःहून घेतली, असे त्यांचे सहकारी सांगत आले आहेत.

दोन मिनिटांच्या आत सगळे आटोपले. टाकलेल्या १६ बॉम्बपैकी बहुतेक लक्ष्यावर पडले. आठही विमाने आणि सहा रक्षक विमाने परत आली. जाताना जमिनीला चिकटून गेलेली विमाने येताना खूप उंचावरून आली, कारण वर हवा विरळ आणि इंधनाचा खर्च कमी.

खाली दहा इराकी सैनिक आणि एक फ्रेंच तंत्रज्ञ मारले गेले होते. मोहिमेवरच्या माहितीपटांमध्ये हा आकडा बहुधा घाईत सांगितला जातो.

हल्ल्याने साधले काय?

१९ जून १९८१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ४८७ करून या हल्ल्याचा निषेध केला. अमेरिकेनेही ठरावाच्या बाजूने मत दिले आणि इस्रायलला जाणारी काही एफ-१६ विमाने थोडे दिवस अडवून धरली. शत्रुराष्ट्राला अण्वस्त्र मिळू द्यायचे नाही, गरज पडली तर आधी हल्ला करायचा, हे धोरण पुढे बेगिन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ६ सप्टेंबर २००७ रोजी सीरियातली भट्टी याच धोरणातून फोडली गेली.

पण इराकचा कार्यक्रम थांबला का? भट्टी संपली हे खरे. त्यानंतर सद्दाम यांनी काम जमिनीवरून नजरेआड नेले. विद्युतचुंबकांनी युरेनियम शुद्ध करण्याचा गुप्त कार्यक्रम मोठा झाला, जास्त माणसे लागली, जास्त पैसा लागला. तो किती पुढे गेला होता हे १९९१ च्या आखाती युद्धानंतर निरीक्षक आत गेल्यावर जगाला कळले. म्हणून अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो हल्ल्याने दहा वर्षे मिळाली. दुसरा म्हणतो हल्ल्याने सद्दाम यांचा निश्चय पक्का झाला. मला दुसऱ्या तटाच्या म्हणण्यात जास्त दम वाटतो, पण १९९० मध्ये कुवेत बळकावणाऱ्या सद्दामकडे चालू भट्टी असती तर काय झाले असते, या प्रश्नाला त्या तटाकडे चांगले उत्तर नाही.

भारतासाठी हा विषय परका नाही. ओसिराकनंतर पाकिस्तानच्या कहुता केंद्रावर असाच हल्ला होऊ शकतो का, याची चर्चा १९८० च्या दशकात उघडपणे होत होती. पनवेलकरांनी नकाशा उघडून पाहावा. खाडीपलीकडचे ट्रॉम्बे, जिथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या भट्ट्या आहेत, ते पनवेलपासून सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर आहे. ओसिराक ते बगदाद अंतर जवळपास तेवढेच. एकाने दुसऱ्याची भट्टी फोडायची ठरवली तर तिसऱ्याच कुणाच्या तरी घरावर वारा वाहतो, हे दोन्ही देशांना उमगले. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. इतर बोलणी बंद असतानाही ही यादी जाते.

वैमानिक अंतराळात कसा पोहोचला?

मोहिमेनंतर रामोन यांनी दोन वर्षांनी कॉलेज गाठले. तेल अवीव विद्यापीठातून १९८७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची पदवी घेतली. मग पुन्हा हवाई दल, एफ-१६ स्क्वाड्रनचे नेतृत्व, नंतर शस्त्रखरेदी आणि विकास विभाग, कर्नलपद. रोना यांच्याशी लग्न झाले, चार मुले झाली. ओसिराकबद्दल बाहेर बोलायचे नाही हा नियम होता आणि तो पाळला गेला.

१९९५ मध्ये अमेरिका आणि इस्रायल यांच्यात एका इस्रायली अंतराळवीराला नेण्याचे ठरले. १९९७ मध्ये रामोन निवडले गेले आणि १९९८ मध्ये कुटुंबासह ह्यूस्टनला गेले. उड्डाण पुन्हा पुन्हा लांबले. साडेचार वर्षे तयारीत गेली. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया एकदाचे उडाले.

सोळा दिवसांत सुमारे ८० प्रयोग करायचे होते. रामोन यांच्याकडे मुख्य काम होते वाळवंटी धुळीचे : भूमध्य समुद्रावर उडणारी धूळ कॅमेऱ्याने टिपायची आणि तिचा पाऊस-हवामानावर काय परिणाम होतो ते पाहायचे. सोबत त्यांनी दोन गोष्टी नेल्या होत्या. एक, छळछावणीतल्या पेत्र गिन्झ या १४ वर्षांच्या मुलाने काढलेल्या चित्राची प्रत. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल, याचे ते चित्र. तो मुलगा पुढे ऑश्विट्झमध्ये मारला गेला. दुसरी, हाताच्या पंजाएवढी तोराह, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळी. ती धुळीच्या प्रयोगाचे प्रमुख शास्त्रज्ञ योआखिम योसेफ यांची होती, त्यांना ती बर्गन-बेल्सनच्या छावणीत मिळाली होती.

अंतराळात शनिवार कधी येतो?

रामोन फारसे धार्मिक नव्हते. तरी आपण एका समाजाच्या वतीने जात आहोत म्हणून त्यांनी ज्यू नियमांचे जेवण मागितले आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शक्य तितका पाळायचे ठरवले.

शनिवार पाळणे कोकणाला नवे नाही. बेने इस्रायली पूर्वी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगावी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे, त्याच समाजाचे. घाण्यावर शनिवार ओळखणे सोपे होते : शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू.

कोलंबिया मात्र दर ९० मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी मारत होते. म्हणजे दर ९० मिनिटांनी सूर्यास्त. हिशेब केला तर दर साडेदहा तासांनी शनिवार यायला हवा! रामोन यांनी उड्डाणाआधीच हा प्रश्न धर्मगुरूंना विचारला. तोडगा निघाला तो साधा : जिथून उड्डाण झाले, त्या केप कॅनव्हेरलचे घड्याळ मानायचे.

८१ सेकंदांचा प्रश्न

उड्डाणानंतर ८१ व्या सेकंदाला बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन जेमतेम पाऊण किलो. पण आदळण्याचा वेग ताशी ८०० किलोमीटरहून अधिक.

दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत हे दिसले. नासातल्या काही इंजिनीअरांनी उपग्रहांच्या कॅमेऱ्यांनी पंखाचे फोटो काढून घ्यावेत अशी मागणी केली. व्यवस्थापनाने ती पुढे जाऊ दिली नाही. फोम याआधीही सुटला होता आणि यान सुखरूप परतले होते, हा त्यांचा आधार. यानातल्यांना काही दिवसांनी ईमेलने कळवले गेले की काळजीचे कारण नाही.

इथे १९८१ आणि २००३ यांच्यातला फरक डोळ्यात खुपतो. ओसिराकला जाताना रामोन यांना स्वतःच्या धोक्याचा आकडा ठाऊक होता, तो त्यांनीच मांडला होता. कोलंबियात तो आकडा कुणी मोजलाच नाही. पुढे जुलै २००३ मध्ये प्रयोगशाळेत तसाच फोमचा तुकडा पंखाच्या तशाच कडेवर झाडला, तेव्हा सुमारे ४१ सेंटिमीटरचे भोक पडले.

परतताना वातावरणात शिरल्यावर पंखाच्या कडेपाशी तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या भोकातून तप्त वायू आत शिरला. जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर, उतरायला सोळा मिनिटे राहिली असताना, यान फुटले. तो १ फेब्रुवारी होता. चित्र काढणारा पेत्र गिन्झ जिवंत असता तर त्या दिवशी ७५ वर्षांचा झाला असता.

नंतर काय झाले?

रामोन यांना उत्तर इस्रायलमधल्या नहलाल गावात पुरले. अपघाताच्या वेळी त्यांचा थोरला मुलगा असाफ पंधरा वर्षांचाही नव्हता. पुढे तो वडिलांसारखाच वैमानिक झाला, प्रशिक्षणात पहिला आला. सप्टेंबर २००९ मध्ये सरावादरम्यान त्याचे एफ-१६ कोसळले. वय २१. त्याची कबर वडिलांच्या शेजारी आहे. २०१९ मध्ये इस्रायलच्या दक्षिणेला, एलातजवळ सुरू झालेल्या विमानतळाला या बापलेकांचे नाव दिले आहे.

अपघातानंतर सुमारे दोन महिन्यांनी टेक्सासच्या एका शेतात रामोन यांच्या डायरीची पाने सापडली. इतक्या उंचीवरून, आगीतून पडलेला कागद. मग ऊन-पावसात पडून राहिलेला. सदतीस पाने वाचली. जेरुसलेममधल्या इस्रायल संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी आणि पोलिसांच्या प्रयोगशाळेने ती महिनोन्‌महिने खपून उलगडली. बराचसा मजकूर खासगी असल्याने कुटुंबाने तो स्वतःकडे ठेवला. २००८ मध्ये लोकांसाठी दोन पाने मांडली गेली. एकावर कामाच्या नोंदी होत्या. दुसऱ्यावर शुक्रवारी संध्याकाळी म्हणायची किद्दुश ही प्रार्थना, अंतराळातून म्हणताना चुकू नये म्हणून त्यांनी हाताने उतरवून घेतलेली.